सक्तीच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते नामदार गोखले

महाराष्ट्रातील थोर पुरुषांची जी चरित्रे मुलांच्या हाती पडतात, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र बहुधा असतेच. रानडे यांचे शिष्य, गांधीजींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते, भारतसेवक समाजाचे संस्थापक, एवढी त्यांची ओळख प्रत्येक विद्यार्थ्यास असते. परंतु त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धातील एका मोठ्या प्रयत्नाचा उल्लेख पुष्कळदा एका ओळीत आटोपला जातो. देशातील प्रत्येक मूल शाळेत गेले पाहिजे, आणि त्याला शाळेत आणण्याची, शाळा चालविण्याची व शाळेच्या पैशाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्या त्या गावच्या नगरपालिकेवर अथवा लोकल बोर्डावर असली पाहिजे, यासाठी त्यांनी केलेला तो प्रयत्न होय. तो त्यांच्या हयातीत फसला. तरीही आज आपण ज्या व्यवस्थेत शिकतो तिचा आराखडा पुष्कळ अंशी त्या फसलेल्या प्रयत्नातच सापडतो. म्हणून नामदारांच्या चरित्राची ही बाजू आमच्या वाचकांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले. सुरतेशीही या कथेचा दोन ठिकाणी संबंध येतो.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घराणे कोकणातले, आणि परिस्थिती बेताची. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून गोपाळ व त्याचा वडील बंधू गोविंद या दोघांना कोल्हापुरास ठेवण्यात आले होते. पण १८७९ साली कृष्णराव वारले. गोपाळ त्या वेळी अवघा तेरा वर्षांचा होता. घरात मिळवते कोणी उरले नाही. तेव्हा गोविंदरावांनी आपले शिक्षण सोडले व कागल येथे महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांपैकी ८ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापुरी पाठवीत, आणि उरलेल्या ७ रुपयांत सारे घर चालवीत.

या ८ रुपयांची आठवण गोपाळरावांनी जन्मभर ठेवली. कोल्हापुरात ते हाताने स्वयंपाक करीत आणि दिव्याला तेल जाळावे लागू नये म्हणून रस्त्याच्या दिव्याखाली बसून वाचीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८१ साली ते मॅट्रिक झाले. आता भावाला हातभार लावण्यासाठी आपणही नोकरी धरावी, असा त्यांचा विचार होता. परंतु गोविंदराव व त्यांच्या पत्नी या दोघांनी तो मानला नाही. वहिनींनी आपले दागिने मोडले व दिराला महाविद्यालयात पाठविले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १८८४ साली ते पदवीधर झाले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. बापाविना पोरका झालेला एक हुशार मुलगा शिकला, कारण त्याला स्वतःची शाळा सोडणारा भाऊ होता आणि अंगावरचे सोने उतरवून देणारी वहिनी होती. ज्या मुलाला असा भाऊ नसेल आणि अशी वहिनी नसेल, त्याने काय करावे? त्या काळी अशी मुले गावोगाव होती, आणि त्यांच्यासाठी विचारणारे कोणी नव्हते. गोखले यांच्या पुढील कार्याकडे पाहिले असता आम्हांस असे वाटते की, एका कुटुंबाने आपल्यासाठी जे केले ते प्रत्येक मुलासाठी गावाने व सरकारने मिळून करावे, हाच त्यांच्या साऱ्या खटपटीचा मथितार्थ होता.

त्यांच्या बालपणीची आणखी एक आठवण सांगतात. वर्गात घातलेली सर्व उदाहरणे अचूक सोडविल्याबद्दल गुरुजींनी त्यांना पहिला क्रमांक दिला, तेव्हा त्यांना रडू कोसळले. एक उदाहरण त्यांनी दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते. पुढे हाच मुलगा गणिताचा शिक्षक झाला. अंकगणितावर त्याने आपल्या एका सहकाऱ्याच्या साह्याने लिहिलेले पुस्तक कित्येक वर्षे अनेक शाळांतून शिकविले जात असे. आकडा खोटा पडू द्यावयाचा नाही, ही जी सवय बालपणी लागली, ती पुढे सरकारच्या अंदाजपत्रकाची छाननी करताना त्यांच्या कामी आली.

पदवी मिळाल्यावर त्यांना अधिक पगाराच्या नोकऱ्यांचा मार्ग मोकळा होता. तथापि ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याची ही प्रतिज्ञा होती. आगरकरांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाची उभारणी केली. सुट्टी लागली की गोपाळराव महाविद्यालयाच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडत. कोठे मान मिळे, कोठे अपमानही सोसावा लागे. शाळेची एक भिंत उभी राहण्यास किती दारांवर जावे लागते, हे त्यांनी अशा रीतीने स्वानुभवाने जाणले होते. १९०२ साली ते सोसायटीच्या सेवेतून निवृत्त झाले. त्यांना महिना ३० रुपयांचे निवृत्तिवेतन मिळाले.

पुण्यातच त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू भेटला. न्यायमूर्तींच्या हाताखाली शिकणे ही सोपी गोष्ट नव्हती. सरकारी अहवाल वाचावयाचे, त्यांतील आकडे ताडून पाहावयाचे, अर्ज लिहावयाचे, आणि एखादा शब्द सैल आढळला तर सारे पुन्हा लिहावयाचे, असा तो अभ्यास कित्येक वर्षे चालला. १८९० साली गोपाळराव सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे त्यांनी दिलेली साक्ष हे याच अभ्यासाचे फळ होते. त्याच प्रवासात प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी पुण्याहून कळलेली हकीकत त्यांनी तेथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी उघडपणे माफी मागितली. त्यामुळे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांनी तो निमूटपणे सोसला व प्लेगच्या दिवसांत पुण्यात स्वयंसेवक म्हणून काम केले.

१८९९ च्या सुमारास ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले, आणि १९०१ च्या अखेरीस कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलासाठी त्यांची निवड झाली. त्या कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत असे. तेथे लोकांच्या सभासदाने बोलावे, सरकारने ऐकावे, आणि अखेर सरकारला हवे तेच व्हावे, हा रिवाज होता. अशा ठिकाणी मार्च १९०२ मध्ये गोखले यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारची शिल्लक वाढते ती देश संपन्न झाल्यामुळे नसून, गरिबाकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे वाढते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. मिठावरील कर कमी करावा ही त्यांची मागणी सतत चालू होती. १९०३, १९०५ व १९०७ या वर्षांत तो कर टप्प्याटप्प्याने मणी अडीच रुपयांवरून एका रुपयापर्यंत खाली आला. आणि याच भाषणांतून ते दर वर्षी शिक्षणावरील तुटपुंज्या खर्चाकडे सरकारचे लक्ष वेधीत राहिले.

याच काळात पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ज्याने वरिष्ठ कौन्सिलात साम्राज्याच्या जमाखर्चाची चर्चा करावयाची, त्यानेच गावातील गटारे, नळ, दिवे आणि शाळा यांचाही कारभार पाहावयाचा, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. स्थानिक कारभार ही लोकांच्या स्वराज्याची पहिली शाळा होय, अशी रानड्यांप्रमाणे त्यांचीही श्रद्धा होती. नगरपालिकेच्या हाती अधिकार थोडा, उत्पन्न त्याहून थोडे, आणि लोकांच्या अपेक्षा मात्र मोठ्या, ही अडचण त्यांनी तेथे जवळून पाहिली. पुढे त्यांनी जो शिक्षणाचा कायदा योजिला, त्यात या अनुभवाची छाया स्पष्ट दिसते.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारतसेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षस्थान भूषविले. नंतर दोनच वर्षांनी सुरतेची ती प्रसिद्ध काँग्रेस आली. डिसेंबर १९०७ मध्ये तापीच्या काठी भरलेल्या या अधिवेशनाचे अध्यक्ष डॉ. रासबिहारी घोष होते. आदल्या वर्षी कलकत्त्यास स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले होते. ते ठराव सुरतेस सौम्य केले जातील, असा लोकमान्य टिळकांच्या पक्षाला संशय होता. ठरावांचे मसुदे करण्याचे काम गोखले यांच्याकडे होते, आणि आपला तसा हेतू नाही असे ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी मंडपात गोंधळ माजला, खुर्च्या उडाल्या, एक जोडा व्यासपीठावर येऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला, आणि सभा उधळली. काँग्रेसची दोन शकले झाली. ती १९१६ साली लखनौस पुन्हा जोडली गेली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

सुरतेच्या या प्रसंगात कोणाचे चुकले, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, ज्या चार विषयांवरून येथे वाद पेटला त्यांत शिक्षण हाही एक विषय होता. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे सरकारपासून स्वतंत्र शाळा असे एका पक्षाचे म्हणणे होते. गोखले यांच्यापुढे मात्र त्याहूनही आधीचा प्रश्न उभा होता. ज्या देशात बहुसंख्य मुले कोणत्याच शाळेत जात नाहीत, तेथे ती शाळेत येणार कशी?

त्या काळची स्थिती आजच्या विद्यार्थ्यांस खरी वाटणार नाही. १९११ च्या खानेसुमारीत साऱ्या हिंदुस्थानात शंभरांत सुमारे सहा माणसांना लिहितावाचता येत होते, आणि स्त्रियांत तर शंभरांत एक. इंग्लंडात १८७० साली, जपानात १८७२ साली सार्वत्रिक शिक्षणाचा पाया घातला गेला होता. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करून प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. शेतकऱ्यांकडून सारा व पट्ट्या वसूल करावयाच्या आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांना द्यावयाचे, हा अन्याय आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले होते. सरकारने ते कानाआड केले.

जे इंग्रज सरकारने केले नाही ते एका मराठी राजाने सुरतेच्या शेजारीच करून दाखविले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. नवसारी, व्यारा, सोनगड ही गावे त्या वेळी बडोद्याच्या हद्दीत होती. म्हणजे त्या काळी नवसारीच्या मुलाला शाळेत घालणे आईबापांवर कायद्याने बंधनकारक होते, आणि तेथून थोड्याच कोसांवर, सुरतेच्या पेठेतील मूल जरीच्या नाहीतर मागाच्या कामाला जुंपले गेले तरी त्याविषयी कोणी कोणाला विचारीत नव्हते. हिंदी लोक सक्ती मानणार नाहीत या सरकारी सबबीला गोखले यांनी हेच बडोद्याचे उदाहरण उत्तर म्हणून दिले.

मार्च १९१० मध्ये त्यांनी वरिष्ठ कौन्सिलात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे, असा ठराव मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येत शाळेत जाणारी मुले शंभरांत दोनदेखील भरत नाहीत, हे त्यांनी निदर्शनास आणले. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी तो ठराव मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले. परंतु आश्वासनापुढे गाडी सरकेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी आपले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक सादर केले.

या विधेयकाची रचना समजून घेण्यासारखी आहे. सक्ती एकदम साऱ्या देशावर लादावयाची नव्हती. ज्या गावी आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील, तेथेच ती लागू व्हावयाची होती. आणि तेथेही ती लागू करावी की नाही, हे वरून सरकारने नव्हे, तर तेथील नगरपालिकेने अथवा लोकल बोर्डाने, प्रांतिक सरकारच्या संमतीने ठरवावयाचे होते. प्रारंभी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी ही योजना होती. मुलींना ती पुढे लागू करण्याची मुभा ठेवलेली होती. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न १० रुपयांहून अधिक नाही त्याच्या मुलाकडून फी घ्यावयाची नव्हती. स्थानिक संस्थेने शाळा-उपस्थिती समित्या नेमावयाच्या होत्या. मूल शाळेत का येत नाही याची या समित्यांनी चौकशी करावी, पालकास समज द्यावी, कारण योग्य असेल तर सवलत द्यावी, आणि समज देऊनही पालक ऐकत नसेल तरच न्यायाधिकाऱ्याकडे जावे, अशी ही व्यवस्था होती.

मुख्य प्रश्न पैशाचा होता. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा, असे प्रमाण गोखले यांनी सुचविले. स्थानिक संस्थेला आपल्या वाट्यासाठी खास शिक्षणपट्टी बसविता यावी, अशीही तरतूद होती. या वाटणीत त्यांचे धोरण दिसून येते. सर्व पैसा सरकारने दिला तर शाळा सरकारची होईल व गाव निश्चिंत राहील. सर्व भार गावावर टाकला तर गरीब गावात शाळाच निघणार नाही. गावाने थोडा तरी पैसा स्वतःच्या खिशातून द्यावा, म्हणजे शाळेत काय चालले आहे ते विचारण्याची त्याला बुद्धी होईल व अधिकारही राहील, असे हे धोरण आम्हांस वाटते.

विधेयक मतांसाठी प्रांतिक सरकारांकडे, नगरपालिकांकडे व संस्थांकडे पाठविण्यात आले. देशात ठिकठिकाणी सभा झाल्या. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहांनी शिक्षणासाठी सालीना ५० लाखांची नवी देणगी जाहीर केली. पण सक्तीचे नाव काढले नाही. १८ व १९ मार्च १९१२ रोजी विधेयक निवड समितीकडे सोपवावे या सूचनेवर कौन्सिलात वादविवाद झाला. पंडित मदनमोहन मालवीय, बॅ. जिना प्रभृती सभासद गोखले यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षण खात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, शिक्षक नाहीत, आणि शाळा वाढविण्याचे काम सक्तीवाचूनही होऊ शकेल, असे आक्षेप निघाले. काही हिंदी सभासदही विरोधात होते. शेतकऱ्यांची व मजुरांची मुले शिकली तर शेतीला माणसे कोठून मिळणार, ही काळजी जमीनदारांच्या मनातून गेली नव्हती.

गोखले यांनी एकेक आक्षेप घेऊन त्याचे उत्तर दिले. ज्या नगरपालिकेला कायदा नको असेल तिच्यावर तो लादला जाणार नाही, मग सरकारला भीती कसली? पैसा एकदम नव्हे, तर दहा वर्षांत हळूहळू लागणार, आणि आयात मालावरील जकात थोडी वाढविली तरी तो उभा राहील. अखेर मते घेण्यात आली. विधेयकाच्या बाजूने १३ व विरुद्ध ३८ मते पडली. हा निकाल काय लागणार, हे सरकारी बहुमताच्या सभेत गोखले आधीपासूनच जाणून होते. त्यामुळे ते खचले नाहीत. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशाने केलेली सेवा आली आहे, यशाने करावयाची सेवा पुढच्या पिढीची असेल, अशा भावनेने त्यांनी तो पराभव स्वीकारला.

पुढील तीन वर्षे त्यांच्या प्रकृतीने साथ दिली नाही. परंतु काम थांबले नाही. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन गांधीजींच्या लढ्याला साह्य करून आले. त्यांच्या भारतसेवक समाजातील माणसे समाजसेवेच्या कामात पसरली. ना. म. जोशी यांनी मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगतर्फे मजुरांसाठी रात्रशाळा व वाचनालये काढली, गो. कृ. देवधर यांनी रमाबाई रानडे यांच्यासह पुण्याचे सेवासदन उभारले. सरकारने देऊ केलेली सर ही पदवी गोखले यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ज्यांच्याशी सुरतेस व त्यापूर्वीही तीव्र मतभेद झाले, त्या लोकमान्यांनीच स्मशानात त्यांना आदरांजली वाहिली.

यानंतर थोड्याच काळात त्यांची कल्पना मूळ धरू लागली. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात, म्हणजे ज्या भूमीत ८ रुपयांवर गोपाळराव शिकले तेथेच, मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्याची बैठक गोखले यांच्याच विधेयकाची होती. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा-मंडळांकडे अधिक प्रमाणात सोपविण्यात आला.

सुरतेचा या कथेशी दुसरा संबंध येथे येतो. असहकाराच्या काळात, १९२१ साली, सुरतेच्या नगरपालिकेने अहमदाबाद व नडियादप्रमाणे आपल्या प्राथमिक शाळांवरील सरकारी नियंत्रण झुगारले व सरकारी अनुदान नाकारले. शाळा लोकांच्या, कर लोकांचा, मग तपासणीस सरकारचा का, असा हा प्रश्न होता. सरकारने १९२२ साली नगरपालिका बरखास्त करून कारभार आपण नेमलेल्या समितीकडे दिला. ज्या शहरात १९०७ साली शिक्षणाच्या ठरावासह सारी काँग्रेस उधळली, त्याच शहराने चौदा वर्षांनी शाळांसाठी सरकारशी झुंज घेतली. पैसा कोण देतो, देखरेख कोण करतो, आणि मुलाचे हित कोण पाहतो, हे तीन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, हे या झुंजीने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर, २००२ साली, राज्यघटनेत शिक्षणाच्या मूलभूत हक्काचे कलम घालण्यात आले, आणि २००९ साली झालेला बालशिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखले यांच्या विधेयकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. आता ही सक्ती आईबापांपेक्षा सरकारावर व स्थानिक संस्थेवर अधिक आहे. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, जवळपास शाळा उपलब्ध करणे, शाळांवर देखरेख करणे, आणि बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, ही कायद्याने स्थानिक संस्थेची कर्तव्ये ठरली आहेत. सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. सरकारी शाळेला मिळालेले अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे, हे या समितीचे एक काम होय. गोखले यांच्या उपस्थिती समितीला मूल शाळेत आले की नाही एवढेच विचारावयाचे होते. आजच्या समितीने शाळेलाही जाब विचारावयाचा आहे.

सुरतेतील मराठी कुटुंबांना ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने कामासाठी आलेली हजारो कुटुंबे उधना, लिंबायत अशा वस्त्यांतून राहतात. कारखाना बदलला की खोली बदलते, खोली बदलली की शाळा बदलते, आणि या बदलाबदलीत एखादे मूल कोणत्याच पटावर राहत नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालविते, ही मोठी सोय आहे. परंतु सोय असणे आणि मूल तेथे पोचणे या दोहोंमध्ये अंतर असते. ते अंतर कोणी तरी चालून जावे लागते. गोखले यांनी उपस्थिती समितीची कल्पना काढली ती याचसाठी.

त्यांच्या विधेयकात उणिवा नव्हत्या असे नाही. मुलींना त्यांनी पुढच्या टप्प्यासाठी ठेवले. दहा वर्षांच्या वयालाच सक्ती संपविली. आणि ज्या गावी शाळा अगदी थोडी, म्हणजे जेथे गरज सर्वांत मोठी, तेथे कायदा सर्वांत शेवटी पोचणार होता. या बाबतीत जोतीरावांची मागणी अधिक व्यापक होती, आणि सयाजीरावांची कृती अधिक धीट होती. पण परक्या सरकारच्या सभेत, त्याच्याच आकड्यांनी, त्याला नाही म्हणता येणार नाही इतकी सौम्य मागणी मांडावयाची आणि तरीही ते नाही म्हणते हे साऱ्या देशाला दाखवून द्यावयाचे, हे काम गोखले यांनीच केले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातील हजेरीपट हे गुरुजींच्या हातातील साधे पुस्तक आहे, असे तुम्हांस वाटत असेल. त्या पटावर प्रत्येक मुलाचे नाव यावे म्हणून एका गृहस्थाने आयुष्याची उमेद खर्च केली. शेजारच्या खोलीतील एखादे मूल त्या पटावर नसेल तर ते गुरुजींना सांगणे तुमच्या हाती आहे. आणि पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे बोलावणे आले की, त्या दिवशी अर्ध्या रोजाचे नुकसान सोसूनही तेथे जावे, अनुदान किती आले व कशावर खर्च झाले ते विचारावे, कागद वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावा. कागलच्या गोविंदरावांनी १५ रुपयांतून ८ रुपये काढून दिले तेव्हा एक गोपाळ शिकला. आज गावाच्या तिजोरीतून प्रत्येक गोपाळासाठी आणि प्रत्येक गोपिकेसाठी पैसा निघतो. तो त्यांच्यापर्यंत पोचतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र अजूनही आपलेच आहे.